कॅलेंडर पाहून फवारणी कशाला?

मा. संपादक,

लेट्यूस, ब्रोकोली, लाल कोबी अशी 'सॅलड'ची पिके आता नाशिक-पुणे पट्ट्यातही घेतली जातात. त्यांच्याबरोबर मोबाइलवर फवारणीची तयार वेळापत्रकेही फिरू लागली आहेत: पाचव्या दिवशी हे, पंधराव्या दिवशी ते. 'अमेरिकेत असेच करतात' हा त्यावरचा नेहमीचा शेरा. ज्या भागाच्या नावाने हे सांगितले जाते तिथे नेमके काय करतात, ते मांडण्यासाठी हे पत्र.

हा भाग म्हणजे ॲरिझोना राज्याच्या नैर्ऋत्य टोकावरचे, कोलोरॅडो नदीकाठचे युमा आणि शेजारचे कॅलिफोर्नियातील इम्पीरियल खोरे. निव्वळ वाळवंट. युमाला वर्षाचा पाऊस जेमतेम ७५-८० मिमी, बाकी सगळे कालव्याचे पाणी. तरीही नोव्हेंबर ते मार्च या काळात अमेरिकेत खपणाऱ्या पालेभाज्यांपैकी सुमारे ९० टक्के इथून जातात. सप्टेंबरमध्ये चाळीस अंशांवर असलेला पारा जानेवारीच्या पहाटे शून्याला टेकतो आणि मार्चमध्ये पुन्हा तिशीकडे चढतो. एकाच हंगामात तीन ऋतू झाले की किडीही तीनदा बदलतात, तेव्हा एक वेळापत्रक सगळ्यांना कसे पुरेल?

सुरुवात पेरणीपासून. जमीन तिशीपलीकडे तापली की लेट्यूसचे बी झोपून राहते, उगवत नाही. म्हणून पेरणीनंतरचे पहिले पाणी दुपार कलल्यावर सुरू करतात, म्हणजे बियाणे फुगण्याचे नाजूक तास रात्रीच्या गारव्यात पडतात. पुढे उगवण होईपर्यंत तुषार संच जवळजवळ अखंड चालतो. कालव्याच्या पाण्यातले क्षारही त्यामुळे बियाच्या खाली ढकलले जातात. सरीने पाणी दिले तर तेच क्षार गादीवाफ्याच्या माथ्यावर चढतात आणि कोवळे मूळ जळते. सुमारे १०७ सेंमी रुंदीच्या गादीवाफ्यावर दोन ओळी, दाट पेरणी, मग विरळणी करून दोन रोपांत २५ ते ३० सेंमी अंतर. रोपे उभी राहिली की पाइप काढतात आणि सरीचे पाणी सुरू होते.

मात्र त्याच ओलाव्यावर रातकिडे आणि उडते भुंगेरे जमतात. दिवसा ते पाइपखाली, ढेकळांखाली, भेगांत दडून बसतात आणि रात्री दोन पानांची रोपे जमिनीलगत साफ करतात. सकाळी ओळीत फूटभर जागा मोकळी दिसली की 'बियाणे खराब' असा निष्कर्ष काढायची घाई होते. आधी पाइप उचलून पाहावा. तिथले शेतकरी गरज दिसली तरच तुषार संचातून पायरेथ्रॉइड गटातले औषध सोडतात, तेही फक्त रोपे स्थिरावण्याच्या काळापुरते.

ब्रोकोली-फ्लॉवरवर याच दिवसांत बगराडा येतो. हा पाहुणा मूळचा आपल्याकडचाच म्हणायला हरकत नाही. मोहरीवर दिसणारा काळा-नारिंगी ठिपक्यांचा ढेकूण तो हाच. अमेरिकेत तो २००८ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात सापडला आणि एक-दोन वर्षांत वाळवंटी भाजीपट्ट्यात पोचला. सोंड खुपसून तो कोवळ्या रोपाचा शेंडा मारतो. रोप जगते, पण एकतर वांझ राहते किंवा गड्ड्याऐवजी तीन-चार बारीक फुटवे काढते, आणि नुकसान कळते तेव्हा दीड महिन्याचा खर्च होऊन गेलेला असतो. पाहणीची वेळही महत्त्वाची. सकाळच्या गारव्यात हा मातीच्या भेगांत असतो, ऊन तापल्यावर पानावर येतो. सकाळी सातला शेत फिरून 'कीड नाही' असे वहीत लिहिणारा हमखास फसतो.

खरा डोकेदुखीचा विषय फुलकिडे. अंडी पानाच्या पेशीत, पिल्ले पानाच्या घडीत, कोष बहुतांशी मातीत. म्हणजे फवारणीच्या दिवशी अर्धी वसाहत औषधाच्या टप्प्याबाहेर असते. स्पिनेटोरामसारखे चांगले औषध मारले तरी आठवड्याने किडे दिसतातच आणि शेतकरी विक्रेत्याला दोष देतो. तिथले सल्लागार रोप उपटून पांढऱ्या ट्रेवर सपासप आपटतात आणि पडलेले किडे मोजतात. नुसते मोजत नाहीत, वेगळे करतात: पंखांचे प्रौढ किती, पिवळसर बिनपंखी पिल्ले किती. जवळपास सगळे प्रौढच असतील तर ते शेजारच्या शेतातून नुकतेच उडून आले आहेत. आज मारले तरी परवा दुसरे येतील. पिल्ले दिसू लागली म्हणजे त्यांनी इथेच संसार थाटला. फवारणीचा मोबदला तेव्हा मिळतो. जानेवारीत एका पिढीला जेवढे दिवस लागतात त्याच्या निम्म्याहून कमी दिवसांत मार्चमधली पिढी उरकते. म्हणून जानेवारीतले दोन फवारण्यांमधले अंतर मार्चमध्ये चालत नाही, आणि मार्चचे जानेवारीत वापरणे म्हणजे पैसे मातीत घालणे.

२०२१ च्या वसंतात युमाच्या लेट्यूसमध्ये 'इम्पेशन्स नेक्रॉटिक स्पॉट' हा विषाणू आढळला आणि फुलकिड्यांचा प्रश्न पानावरच्या चट्ट्यांपुरता राहिला नाही. हा विषाणू बियाण्यातून येत नाही. रोगट झाडावर वाढणारे पिल्लूच तो उचलू शकते आणि प्रौढ झाल्यावर मरेपर्यंत पसरवते. निरोगी झाडावर वाढलेला प्रौढ नंतर रोगट पान कितीही चघळला तरी वाहक होत नाही. त्यामुळे बांधावरच्या ज्या तणावर फुलकिड्यांची पिल्ले वाढतात, ते तणच रोगाचे कोठार. तिथे मालव्हा आणि पाथरीच्या कुळातले दुधाळ तण हंगामाआधी काढण्यावर जोर असतो तो यासाठी. आपल्याकडचा टोमॅटोवरचा 'टोस्पो' आणि कांद्यावरचा पिवळ्या ठिपक्यांचा विषाणू याच घराण्यातले. त्यांनाही हाच नियम लागू पडतो, पण आपल्या वेळापत्रकांत बांधाचा उल्लेख क्वचितच असतो.

थंडीत मावा. पेरणीच्या वेळीच बियाखाली सुमारे चार सेंमी खोल इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक सोडण्याची तिथे पद्धत आहे. सुरुवातीच्या पांढऱ्या माशीला आणि पुढे हिरव्या माव्याला ते आवरते, पण जोर हळूहळू ओसरतो. लेट्यूसवरचा खास मावा तर थेट गाभ्यात शिरतो. गड्डा मिटला की वरून मारलेले औषध तिथे पोचत नाही. स्पायरोटेट्रामॅट हे कीटकनाशक झाडात वर-खाली दोन्हीकडे फिरते, म्हणून ते वापरतात. मात्र ते सावकाश काम करते आणि पानात शिरण्यासाठी सोबत योग्य सहायक द्रव्य लागते. गाभा मिटण्याआधी, मावा तुरळक असतानाच ते मारायचे. काढणीच्या तोंडावर मारणाऱ्याला किडेही मिळतात आणि मालात औषधाचे अवशेषही.

हिमकणांबद्दल थोडेसे. पहाटे पानावर बर्फ धरले असेल तर ते वितळेपर्यंत काढणीची टोळी बांधावर बसून राहते. गोठलेल्या पानाला हात लागला तर ते जखमी होते. नुसत्या हिमानेही पानाची वरची साल सुटून फोड येतात, मग ती तपकिरी होऊन कुजते. हे रोगाचे लक्षण समजून बुरशीनाशक मारणारे तिथेही आहेत. याउलट २००१ पासून तिथे ठाण मांडून बसलेला फ्युजेरियम मर रोग तापलेल्या जमिनीचा. सप्टेंबरच्या पेरणीत तो शेत बसवतो, नोव्हेंबरच्या पेरणीत फारसा दिसत नाही. रोगट शेतात पेरणी उशिरा घेणे, एवढा साधा उपाय कोणत्याही पुडीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

औषध एकच वारंवार वापरल्याचा फटकाही तिथे बसला आहे. २०१६ च्या हंगामात कोबीवर्गीय पिकांवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग क्लोरॲन्ट्रानिलिप्रोल या कीटकनाशकाच्या गटाला दाद देईना. आपल्याकडे याच गटातली औषधे कोबीपासून वांगी आणि सोयाबीनपर्यंत सगळीकडे वापरात आहेत. रोपवाटिकेत आळवणी (रोपांच्या मुळाशी औषध ओतणे) याच गटाची, शेतात पहिली फवारणीही याच गटाची, असे झाले की एकामागून एक पिढ्यांवर तोच मार बसतो. व्यापारी नाव बदलले म्हणजे गट बदलला असे होत नाही. डब्यावरचा गट क्रमांक (औषध किडीवर कसे काम करते ते सांगणारा) पाहूनच पुढचे औषध निवडावे.

शेवटी काढणीनंतरचे शेत. कापणी संपली की तिथे उरलेल्या पाल्यावर लगेच तव्याचा नांगर फिरवतात. आपल्याकडे कोबीची पाने आणि खुंट जनावरांसाठी किंवा 'बघू नंतर' म्हणून पंधरा दिवस उभे राहतात आणि त्यावरचा मावा, पतंग, फुलकिडे शेजारच्या नव्या लागवडीवर उतरतात. जनावरांना पाला हवाच असेल तर कापून गोठ्यात न्यावा. खुंट मात्र त्याच आठवड्यात गाडावेत.

आपला,
भाजीपाला पीकसंरक्षण क्षेत्रातील एक वाचक