इम्पोर्टच्या ओळींची पंगत

महोदय,

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या फाइलीत माथ्यावर येणाऱ्या, दुसरीकडचा कोड आत आणणाऱ्या इम्पोर्टच्या ओळी कशा मांडाव्यात, हे २००१ सालच्या ‘पेप ८’ या शैलीपत्रकात स्पष्ट आहे: आधी भाषेसोबत येणारी मानक लायब्ररी, मग बाहेरून घेतलेली पॅकेजेस, शेवटी आपला स्वतःचा कोड आणि गटागटांत एक रिकामी ओळ. हे काम आता ‘आयसॉर्ट’ किंवा ‘रफ’ यांसारखे साधन करते. मात्र आपले पॅकेज कोणते, हे त्याला कळावे लागते आणि शिकवताना नेमके तेच वगळले जाते.

आमच्या प्रकल्पातले ‘हिशेब’ हे पॅकेज ‘बॅकएंड’ फोल्डरात होते. रफ मुळात प्रकल्पाचा मुख्य फोल्डर आणि त्यातला ‘एसआरसी’ फोल्डर एवढ्यातच शोधत असल्याने त्याने ते ‘रिक्वेस्ट्स’ या बाहेरच्या पॅकेजशेजारी, परक्यांच्या पंगतीत बसवले. ‘पायप्रोजेक्ट डॉट टॉमल’ या सेटिंगच्या फाइलीतल्या ‘एसआरसी’ याच नावाच्या यादीत ‘बॅकएंड’ लिहिताच ओळी जागेवर आल्या.

‘इम्पोर्ट’ने सुरू होणाऱ्या ओळी आधी की ‘फ्रॉम’ने सुरू होणाऱ्या आधी, यावर भांडणाऱ्यांनी – मीही त्यांतलाच होतो – साधनाचा मूळ क्रमच राहू द्यावा, आणि बदलायचाच असेल तर तो स्वतंत्र कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या वेगळ्या नोंदीत, बदलावा; नाहीतर तपासणाऱ्याला हललेल्या ओळींच्या ढिगात खरा बदल शोधत बसावे लागते.

– एक वाचक, पुणे