दोन वाजून सहा मिनिटं

नागपूर,
मंगळवार, 16 डिसेंबर, रात्री अकरा

प्रिय बंड्या,

पाच महिने झाले, ना पत्र ना फोन. दिवाळीच्या तुझ्या एवढ्या लांब मेसेजला मी नुसती पणती पाठवली. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक. शुगरची गोळी अर्धीची एक झाली. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिला माझे पांढरे केस दिसून राहिले आणि ती रोज मोजून राहिली. बस, इतकंच.

लिहायला बसलो कारण रविवारी माझ्या हातून एक कांड झालं. बायकोला सांगितलं तर म्हणेल, चार मिनिटांचं काय घेऊन बसले? ग्रुपवर बोलायची सोय नाही. जगात एकच माणूस आहे ज्याला मिनिटांची किंमत माहीत आहे, कारण त्याने मिनिटांपायी माझ्याशी सात महिने अबोला धरला होता. तोच तू.

रविवारी 200 किलोमीटरची ब्रेव्हे होती, तीच आपली ठरलेल्या वेळेत पुरी करायची सायकल राइड. रवीनगर चौकातून सकाळी सहाला सुरू, अमरावती रोडने तळेगाव आणि परत. (तू अजून त्याला सहा नंबरचा हायवेच म्हणत असशील. 53 नंबर होऊनही जमाना झाला, पण पुण्याला जाऊन माणसाचं घड्याळ जिथे थांबतं तिथेच थांबतं.) मी यंदा चालवली नाही. शेवटच्या कंट्रोलला, म्हणजे कार्डावर वेळ लिहून शिक्का मारायच्या ठिकाणी, टेबल टाकून बसलो होतो, पांडे आणि मी. शिक्का, पेन, केळी, गूळ-शेंगदाणे. वाडीच्या ट्रॅफिकचं विचारू नको, ते सहन करून ज्या पोट्ट्यांनी सायकल चालवली त्यांना तिथेच मेडल द्यायला पाहिजे होतं. पुढे मात्र रस्ता मस्त. कोंढाळीपासून संत्र्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला लागलेले, जो परत येत होता त्याच्या जर्सीच्या मागच्या खिशात दोन-दोन संत्री. आणि तुझा लाडका समोरचा वारा होताच. हिवाळ्यात ईशान्येकडून येतो ना, जाताना पाठीत हात घालून नेतो आणि दुपारी परतताना तोच हात छातीवर ठेवतो. तू त्याला "सासरचा वारा" म्हणायचास.

साडेतेरा तास. म्हणजे साडेसातला खेळ खलास. सातपर्यंत बहुतेक येऊन गेले. सव्वासातला पांडे म्हणाला, चहा आणतो. चौकातला आपला चहावाला आता पलीकडे गेला आहे, म्हणजे दहा मिनिटं गेलीच. मी एकटा, आणि फोनवर घड्याळ.

7 वाजून 34 मिनिटांनी ती आली.

तुला माहीत नाही ती. पंचविशीची असेल, एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते, सकाळची ड्युटी, त्यामुळे सराव रात्री. सेमिनरी हिल्सच्या चढावर तिला दोन-तीनदा पाहिलं होतं, भावाची जाड टायरची जड सायकल, पण उतरून ढकलत नाही. त्याच सायकलवर ती आली होती. कॅरिअरला ओढणीने पाण्याची बाटली बांधलेली, रिफ्लेक्टरचं जॅकेट कुठूनतरी मागून आणलेलं, दोन मापं मोठं. तळेगावला ती 12.25ला पोहोचली होती, म्हणजे कंट्रोल बंद व्हायला पंधरा मिनिटं शिल्लक. पुढे वाऱ्याने सगळं खाल्लं. फोन तिचा कारंजालाच मेला होता. उतरली, हेल्मेट काढलं आणि मला विचारलं, "काका, झालं ना?"

बंड्या, मी पेन उचललं आणि 19.28 लिहिलं.

शिक्का मारला, सही केली, केळ दिलं. ती रस्त्यावरच खाली बसली आणि रडायला लागली. आनंदाने. मी तिचा फोटो काढला, कार्ड हातात धरून.

आता तू हसून राहिला असशील. हास. नोव्हेंबर 2016, रात्रीचे दोन, झिरो माइल. सांगायची गरज नाही, पण मी सांगणारच. 300 किलोमीटरची ब्रेव्हे, वीस तास. यवतमाळहून परत. कंट्रोलचा पुरावा म्हणून एटीएमची चिठ्ठी लागायची आणि नोटबंदीला पंधरा दिवस झालेले! सगळं यवतमाळ त्या एटीएमसमोर उभं, हजार-पाचशे वाले, लग्नघरवाले, आणि त्यांच्यात आपण दोघं हेल्मेट घालून, फक्त बॅलन्सची चिठ्ठी काढायला. तू म्हणालास, शेजारच्या हॉटेलचं बिल चालेल, त्यावर वेळ आहे. मी म्हणालो, सांगितलंय एटीएम म्हणजे एटीएम. चाळीस मिनिटं गेली. (आज कबूल करतो, बिल चाललं असतं.) मग तू देवळीपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस आणि वर्ध्याला माझा पंप घेतलास तो आजतागायत दिला नाहीस.

आणि झिरो माइलला त्या चार घोड्यांच्या पुतळ्यांच्या साक्षीने तो पेंगुळलेला व्हॉलंटिअर पोरगा. "किती वाजले, काका?" तू म्हणालास, "एक अठ्ठावन्न." मी म्हणालो, "दोन वाजून सहा." एकाच वेळी. त्या पोराने एकदा तुझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग स्वतःच्या फोनकडे. संपलं. दोघंही वेळेबाहेर. तू सायकल तिथेच आडवी टाकलीस आणि म्हणालास, "जा हरिश्चंद्रा, स्मशानात जाऊन बस." तेव्हापासून सगळ्या ग्रुपमध्ये माझं नाव हरिश्चंद्र आहे. नवीन पोट्ट्यांना वाटतं ते माझं खरंच नाव आहे. एकाने पावतीवर हरिश्चंद्रराव लिहिलं.

मी तेव्हा बरोबर होतो, हे मी तुला नऊ वर्षं सांगून राहिलो. 2017च्या जूनमध्ये अमित समर्थांनी सायकल शर्यतीत अमेरिका पार केली, एकट्याने, बारा दिवसांच्या आत, आणि तू न राहवून पहाटे फोन केलास, तेव्हासुद्धा तू "अरे आपल्या नागपूरचा माणूस!" म्हणत होतास आणि मी मध्येच म्हणालो होतो की बघ, तिथेही कटऑफ असतो. तू फोन आपटलास. पण दुसऱ्या दिवशी परत केलास.

तर मग 19.28 का? रात्रभर विचार केला. 19.30 लिहिता आलं असतं. पण अगदी काठावरची वेळ संशयास्पद दिसते, म्हणून दोन मिनिटं अलीकडे. एक अठ्ठावन्न. तुझंच गणित, बंड्या! माझ्या डोक्यात ते तयार पडलेलं होतं, मला माहीतच नव्हतं.

इथवरचं मी पचवलं असतं. म्हटलं, पोरगी आहे, जड सायकल आहे, वारा होता. पण पत्र अजून संपलेलं नाही.

7.41ला एक गृहस्थ आले. बँकेतून रिटायर झालेले, एकसष्ट वय, पहिलीच ब्रेव्हे. बाजारगावला दोनदा पंक्चर, दुसऱ्या वेळी ट्यूबच फाटली. तेव्हा पांडे चहा घेऊन परत आला होता, माझ्या बाजूला उभा. मी कार्ड घेतलं, घड्याळ पाहिलं, म्हणालो, "सर, वेळेबाहेर." ते हसले. म्हणाले, "अहो, घड्याळ माझ्याकडेही आहे." जावयाच्या गाडीत सायकल टाकली, मला हात जोडले आणि गेले. पांडे म्हणाला, "हरिश्चंद्र तो हरिश्चंद्रच." आणि ती पोरगी तिथेच बसून केळ खाऊन राहिली होती, कार्ड छातीशी धरून.

सात मिनिटांचं अंतर दोघांत. एकाला तारलं, एकाला बुडवलं. आणि पांडे चहा घेऊन पाच मिनिटं उशिरा आला असता तर त्या गृहस्थांच्या कार्डावर मी काय लिहिलं असतं, हे मला आज मंगळवारी रात्रीपर्यंत ठरवता आलेलं नाही. खरं तर हीच गोष्ट झोपू देत नाही. खोटं बोललो त्याचं इतकं नाही. कोणी पाहत नव्हतं म्हणून खोटं, आणि पाहत होतं म्हणून खरं!

मी नियमावली पण काढली, तुला वाटेल वेड लागलं. मधल्या कंट्रोलला उशीर झाला आणि त्याला कारण असलं, रस्त्यात कुणाच्या अपघाताला थांबला वगैरे, तर आयोजक चालवून घेऊ शकतो. पण शेवटची वेळ ती शेवटची. आणि ती कुणाच्या मदतीला थांबलेलीही नाही. मी गोड बोलून विचारलं. कोंढाळीला तर्री-पोहे खाल्ले म्हणे, दोन प्लेट. आता तर्री-पोह्यांना दैवी आपत्ती धरता येईल का, हे ब्रेव्हेंचे नियम करणाऱ्या पॅरिसच्या क्लबला कळवून विचारू? (पुण्यात ते पोह्यांवर खोबरं घालून वर शेव मागतात, तू त्यांच्यात राहतोस, तुझं मत ग्राह्य नाही.)

तिचं फार नुकसान होतं असंही नाही, हे बघ. सीझन आत्ता नोव्हेंबरला सुरू झाला. 200 पुन्हा जानेवारीत आहे, फेब्रुवारीत आहे. 200, 300, 400, 600 चारही मिळून एसआर (सुपर रँडोनर) करायला ऑक्टोबरपर्यंत वेळ. तिच्या डोक्यात 2027चं पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आहे, 1200 किलोमीटर, नव्वद तास. रडून झाल्यावर तेच सांगत होती. मी तिला वेळेबाहेर म्हटलं असतं तर ती एक रात्र रडली असती आणि महिन्याभराने हलक्या सायकलवर अकरा तासांत परत आली असती. म्हणजे मी तिच्यावर उपकार केले की तिचे अकरा तास खाल्ले? तिला स्वतःला अजून माहीत नाही की ती उशिरा आली. काल मेसेज आला, "काका, तुमच्यामुळे." मी लगेच उत्तर दिलं, "माझ्यामुळे काही नाही." इतकं खरं मी आठवडाभरात दुसरं बोललो नाही.

यादी माझ्याच लॅपटॉपमध्ये आहे. गुरुवारी पाठवायची. तिच्या नावापुढचा रकाना मी तीनदा भरला, तीनदा पुसला. पांडेला सांगायचं? तो ग्रुपवर टाकेल. तिला सांगायचं? काय सांगायचं? त्या गृहस्थांना फोन करायचा? "सर, तुम्ही सात मिनिटं आधी आला असता तर मी खोटं लिहिलं असतं" हे काय सांगणं आहे? आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तुझं 2016चं कार्ड माझ्याकडे आहे. तू फेकलंस ते मी उचललं होतं. शेवटचा रकाना कोरा. काल रात्री ते काढून टेबलावर ठेवलं आणि मुलगा म्हणाला, बाबा, हे काय, कुणाचं तिकीट?

बाकी नागपूर आहे तसंच. 2021मध्ये आपलं शहर केंद्राच्या त्या सायकल्स फॉर चेंज स्पर्धेच्या पहिल्या अकरात आलं, तेव्हा तू पुण्यात बसून जळला होतास, आठवतं? आता आमच्या घराजवळच्या सायकल लेनमध्ये एक कार, एक पाणीपुरी आणि एक गाय असा क्रम असतो, मी गाईला वळसा घालतो कारण ती एकटीच वेळेवर उठते. समृद्धीवर आपल्याला जायला बंदी, ते एक बरंच आहे, नाहीतर तू मुंबईपर्यंत चल म्हणाला असतास. गुड्डूने दुकान पोराला दिलं. त्याच्याकडे अजून ॲटलसच्या चार फ्रेम पडून आहेत. कंपनीचा शेवटचा कारखाना 2020च्या 3 जूनला बंद पडला, नेमका सायकल दिनालाच, तेव्हापासून तो त्या विकत नाही. रोज पुसतो. तुझी विचारतो.

वहिनींची बदली झाली की थांबली? चिनूच्या व्हिसाचं कळव. गुडघ्याचं ऑपरेशन करून टाक, तारखा पुढे ढकलू नको, त्यात काही मेडल नाही. आणि पंप पाठव.

फोन कर, पण दुपारी, घरी सगळे असताना नको. एक शब्दच सांग, लिहू की खोडू. मी तुझं ऐकेन असं नाही, पण सांग.

तुझा,
सुध्या
(हरिश्चंद्र, निवृत्त)

ता. क. : हे लिहीत असतानाच तिचा मेसेज आला. मी काढलेला तो फोटो मागून राहिली, आईला दाखवायचा म्हणे. आत्ता उघडून पाहिला. मागे पानठेल्याचं लाल आकड्यांचं घड्याळ आलं आहे, 7.36, स्पष्ट. मुलगा म्हणतो, क्रॉप करून देतो. मी म्हटलं, थांब, पुण्याला विचारतो.