‘हे खरे नाही’ या उत्तराआधी : विधानसभा अध्यक्षांना खुले पत्र

मा. अध्यक्ष महोदय,
महाराष्ट्र विधानसभा
सविनय नमस्कार. आमदारांना प्रश्न लिहायला मदत करणारे संशोधक विधिमंडळाच्या सचिवालयात नेमावेत, ही या पत्राची विनंती.

तुर्भे-पवने पट्ट्यात रात्री उग्र वास येतो, ही नवी मुंबईकरांची जुनी तक्रार. त्यावरचा तारांकित (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) प्रश्न मात्र ठरलेल्या साच्यात जातो : ‘प्रदूषण वाढले आहे, हे खरे आहे काय, असल्यास, चौकशी केली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय?’ मग ‘हे खरे नाही’, ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढ्यावर तो मिटू शकतो. उत्तर खोटे असेलच असे नाही. हवेच्या २००९ च्या राष्ट्रीय मानकांत बारा प्रदूषके आहेत. कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड त्यांत नाही. पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, मर्यादा २४ तासांच्या सरासरीला ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. थंडीत जमिनीलगत दोन तास कोंडलेला धूर त्या सरासरीत विरून जातो. हवा ‘मर्यादेत’ आणि नाक मात्र झोंबते, दोन्ही एकाच वेळी खरे.

प्रश्न असा हवा : ‘डिसेंबर-जानेवारीत रात्री १० ते पहाटे ४ या वेळेतील तासागणिक नोंदी पटलावर ठेवणार काय, हवा मोजणारे यंत्र किती तास बंद होते, हायड्रोजन सल्फाइड मोजला काय?’ एवढे लिहायला, प्रश्न दाखल होण्याआधी, रसायनशास्त्र जाणणारा माणूस आमदारांच्या हाताशी लागतो. तरुणांना सरकारी कामात घेणारी मुख्यमंत्री फेलोशिप प्रशासनात राबते; प्रश्न विचारणाऱ्या बाकांना तिचा उपयोग नाही. कॅलिफोर्नियात पीएचडी झालेल्यांना आधी महिनाभर विधेयकाचा प्रवास शिकवतात, मग वर्षाचा उरलेला काळ विधिमंडळाच्या समित्यांत आणि सदस्यांच्या कार्यालयांत नेमतात.

आपल्याकडे संविधानाच्या अनुच्छेद १८७ नुसार विधिमंडळाचे सचिवालय स्वतंत्र आहे. तिथेच अशा संशोधकांच्या सहा जागांपासून सुरुवात करावी. पक्ष कार्यालयात नको, आमदारांच्या पदरीही नको. संशोधकाचे टिपण मागेल त्या प्रत्येक सदस्याला शब्दशः तेच मिळावे. नाहीतर पहिल्याच वादात हा माणूस ‘त्यांचा’ ठरेल आणि त्याचे आकडेही.

प्रयोगशाळेतून आलेला माणूस अडखळतो तो लिहिण्यात. तो नऊ पाने देतो, निष्कर्ष शेवटच्या पानावर, तोवर सभागृहातली लक्षवेधी सूचनेवरची चर्चा संपलेली असते. टिपण एका पानाचे हवे. पहिल्या ओळीत उत्तर. मग आकडा, एककासह आणि कालावधीसह. शेवटी विचारता येईल असा एक प्रश्न. पण पान लहान करताना अनिश्चितता कापली जाते, हा मोठा धोका. ‘मोजले, आढळले नाही’ आणि ‘मोजलेच नाही’ यांतला फरक त्या पानावर राहिलाच पाहिजे. धोरण बहुतेकदा तिथेच चुकते.

माणसे जवळच आहेत. खारघरला ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र, नवीन पनवेलला भूचुंबकत्व संस्था, खाडीपलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र. मूळ पदावरचा हक्क आणि ज्येष्ठता शाबूत राहील असा प्रतिनियुक्तीचा आदेश निघाला नाही, तर चांगला संशोधक वर्षभर येणार नाही. एखाद्या कारखान्याचे सल्लागार राहिलेल्याला त्या कारखान्याविषयीचे टिपण देऊ नये, ही अटही त्याच आदेशात असावी.

रुजू होण्याची तारीख जानेवारीची ठेवावी. म्हणजे अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी कार्यसूची, नियम आणि लेखाशीर्षे (अर्थसंकल्पातली खर्चाची खाती) वाचायला महिना मिळेल. नागपूरच्या अधिवेशनात दिवस थोडे असतात, तिथे नव्या माणसाला शिकवायला कुणाला सवड नसते.

आपले,
ऐरोली, बेलापूर आणि ठाणे येथील काही संशोधक