‘मुंबईचा’ प्रश्न? गावभागात येऊन बघा!

मा. संपादक,
स.न.

कालच्या पुरवणीतला ‘मुंबईचा जावई’वरचा लेख वाचला. जुन्या चित्रपटांची आठवण आपण ठेवता याबद्दल आभार. पण नव्या जोडप्याला घरात बोलायला जागा नसणं हे चाळकऱ्यांनाच कळणार, वाडे-परसवाल्या गावाकडच्या प्रेक्षकांना त्यात नुसती गंमत वाटली असणार, असं लेखकमहाशय म्हणतात. त्यांनी वाडा बाहेरूनच पाहिलेला दिसतो.

माझं लग्न १९८१ साली झालं. सासर सांगलीत, गावभागात, म्हणजे जुन्या सांगलीत. वाडा म्हणायला मोठा, पण आत बिऱ्हाडं नऊ. आमच्या वाट्याला भाड्याच्या दोन खोल्या आणि माणसं सात. बाहेरच्या खोलीत सासू-सासरे, दोन दीर आणि वन्सं. आमची ‘बेडरूम’ म्हणजे स्वयंपाकघर. रात्री भांडी घासायची, फरशी पुसायची, ती वाळेपर्यंत पाटावर बसून राहायचं, मग गादी घालायची. उशाशी पिठाचा डबा, पायथ्याशी मोरी, आणि नळ त्याच मोरीत. पाणी यायचं पहाटे चारला. चारला पाच कमी असताना कडी वाजायची, “ऊठ गं, पाणी आलं!” की गादी गुंडाळून दोघं उभे. (आमच्या गल्लीत पाणी अजूनही असंच अवेळी येतं, तेही करंगळीएवढ्या धारेनं. त्यावर मी आपल्याला दोन पत्रं पाठवली होती, छापलेली दिसली नाहीत. असो.)

फिरायला जावं तर आयर्विन पूल. या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन तरी ओळखीचे भेटायचे आणि त्यातले एक हमखास मामंजींचे मित्र. “काय, कुठं निघालात जोडीनं?” घरी पोचेपर्यंत बातमी आमच्याआधी पोचलेली.

आणि नेमका हाच चित्रपट मॅटिनीला परत लागला! यांनी गुपचूप दोन तिकिटं काढली. सासूबाईंना कसा कोण जाणे सुगावा लागला. “आम्हीपण येतो की!” झाली पाच तिकिटं. वन्सं बसल्या बरोब्बर आमच्या दोघांच्या मध्ये, मांडीवर भडंगाची पुडी. पडद्यावर ‘का रे दुरावा’ सुरू झालं आणि अंधारात यांचा हात वन्संच्या पाठीमागून हळूच माझ्या खांद्यापर्यंत आला. तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, “दादा, भडंग पाहिजे का?”

तर गंमत वाटली म्हणे आम्हाला! आणि ते गाणं लिहिलं कुणी? माडगूळच्या गदिमांनी. गायलं कुणी? इथं सांगलीत जन्मलेल्या आशाताईंनी. मुंबईकरांचं दुखणं मांडायला माणसं आमच्या जिल्ह्यातलीच लागली, एवढं तरी लेखात यायला हवं होतं. १९७२ मध्ये बासू चटर्जींनी याच चित्रपटावरून हिंदीत ‘पिया का घर’ काढला. तो पाहणारे सगळे काय गिरगावात राहत होते?

लेखकमहाशयांना हे जरूर कळवावं. पत्राखाली माझं नाव मात्र छापू नये. वन्सं तुमचाच पेपर घेतात, आणि त्या दिवशी आपल्याला काही कळलंच नाही असं त्या अजून भासवतात.

– एक जुनी वाचक,
गावभाग, सांगली