कडुलिंब हवा, पण मापात

तळ्यातील माशांच्या बुरशीवर कडुलिंबाचा पाला सुचवणारा आपला लेख वाचला. खाण्याच्या माशांसाठी मॅलेकाइट ग्रीन या बुरशीनाशक रंगावर बंदी असताना वनस्पतींकडे वळणे योग्यच; पण लेखात मात्रा दिलेली नाही, आणि धोका तिथेच आहे. पाला तळ्यात कुजला की प्राणवायू घटतो, पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. निंबोळी अर्क जास्त झाला तर माशांनाही विषारी ठरतो. तो आधी वेगळ्या टाकीत आठ-दहा माशांवर चोवीस तास तपासावा. कापसाच्या पुंजक्यासारखी दिसणारी सॅप्रोलेग्निया ही बुरशी बहुधा जाळ्याने खवले निघालेल्या जखमेवर धरते, थंडीत अधिक. म्हणून बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्ले) तळ्यात सोडण्यापूर्वी लिटरला 30 ग्रॅम मिठाच्या पाण्यात एक-दोन मिनिटे बुडवावी; कलंडू लागताच लगेच काढावी.

— एक मत्स्यशेतकरी