आधी एकट्याला गाठा, मग मंडळीला सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, निवडणुका जवळ आल्या की मंडळीतले, म्हणजे चर्चच्या सभासदांतले, जुने रुसवेफुगवे वर येतात. हल्ली त्यांना व्हॉट्सअॅप ग्रुपची जोड मिळाली आहे. गायनमंडळात कोणाला पुढे उभे केले, प्रीतिभोजनाच्या वेळी कोण कोणाला काय बोलले, एवढ्यावरून सकाळी सुरू झालेली कुरबुर संध्याकाळपर्यंत घराघरांत पोचते. अशा वेळी काय करायचे ते ख्रिस्ताने बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात, 15 ते 17 या वचनांत क्रमाने सांगितले आहे. आधी एकट्याला भेटा. ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर न्या. तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांगा. आपल्याकडे हा क्रम सर्रास उलटा चालतो. मंडळीला पहिल्यांदा कळते आणि ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याला सर्वांत शेवटी.

मुळात प्रत्येक गोष्ट या वाटेवर आणायची नसते. अपराधाकडे काणाडोळा करणे माणसाला शोभते, असे बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकातले 19:11 हे वचन सांगते. प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा 14वा अध्याय तर खाण्यापिण्याच्या आणि दिवस पाळण्याच्या मतभेदांसाठीच आहे. टिकली लावावी का, मंगळसूत्र ठेवावे का, शेजाऱ्याकडचा दिवाळीचा फराळ घ्यावा का, यांवर मराठी ख्रिस्ती घरांत अजूनही वाजते. हे विषय पौलाने ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपवले आहेत. त्यांवरून कोणाचा विश्वास मोजू नये.

बोलायचेच ठरले, तर तयारी करून जावे. एकच प्रसंग निवडावा. स्वतः पाहिले-ऐकले ते वेगळे आणि दुसऱ्याने येऊन सांगितले ते वेगळे, असे कागदावर मांडावे. पुष्कळदा पहिल्या रकान्यात एक-दोन ओळीच उरतात. भेटीत ‘तुम्ही नेहमी’, ‘तुम्ही कधीच’ हे शब्द टाळावेत, कारण समोरचा लगेच अपवाद शोधू लागतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. आपले सांगून झाले की थांबावे. ऐकून घेण्याआधी उत्तर देणे मूर्खपणाचे, असे नीतिसूत्रे 18:13 म्हणते. आणि हे काम मेसेजवर करू नये. मेसेजमध्ये आवाजातला ओलावा जात नाही आणि त्याचा स्क्रीनशॉट मात्र महिनोन् महिने फिरतो. सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडावा हे इफिसकरांस पत्रातले वचन पुढे करून रात्री उशिरा लांबलचक मेसेज पाठवणारे आहेत. त्या वचनात राग सोडायला सांगितले आहे, तो दुसऱ्याच्या उशाशी नेऊन ठेवायला नाही.

चूक आपली असेल तर मत्तय 5:23-24 लागू होते: अर्पण वेदीपुढे ठेवावे आणि आधी जाऊन समेट करावा. हे ऐकणारे लोक गालीलातले होते आणि वेदी यरुशलेमेत, पायी तीन-चार दिवसांच्या वाटेवर. म्हणजे अर्पण तिथेच ठेवून घरी परतायचे आणि पुन्हा यायचे, इतकी तसदी ख्रिस्ताने गृहीत धरली आहे. आपल्याला बहुधा एक गल्ली ओलांडायची असते. क्षमा मागताना केलेल्या कृतीचे नाव घ्यावे. ‘तुम्हाला वाईट वाटले असेल तर’ असे म्हटले की चूक ऐकणाऱ्याच्या मनावर ढकलली जाते, आणि ‘पण’ आला की क्षमा संपून कैफियत सुरू होते.

दुसऱ्या पायरीवरचे एकदोघे आपल्या बाजूचे नकोत. हा नियम बायबलच्या जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 19व्या अध्यायातून आला आहे, आणि तिथे साक्षीदाराचीही कसून चौकशी होते. खोट्या साक्षीदाराला, त्याने दुसऱ्यासाठी योजलेली शिक्षा मिळते. म्हणून दोघांनाही मान्य असलेली, कमी बोलणारी माणसे न्यावीत. तक्रार करणाऱ्याचे चुकले असेल, तर त्यालाही तसे सांगण्याची त्यांना मोकळीक हवी.

सर्वांत जास्त नुकसान मात्र प्रार्थनासभेत होते. ‘प्रार्थनेसाठी म्हणून सांगते’ अशी सुरुवात करून दुसऱ्याच्या घरातले भांडण नावानिशी सांगितले जाते. त्या कुटुंबाची परवानगी नसेल तर नाव घेऊ नये. लहान मंडळीत ‘एका कुटुंबासाठी’ म्हटले तरी सगळ्यांना कळते. तेव्हा मनातच प्रार्थना करावी. आपल्याकडे कोणी गाऱ्हाणे घेऊन आले, तर ‘त्यांच्याशी बोललात का?’ एवढे विचारावे. नसेल बोलले, तर आधी पाठवावे. सरपण संपले की आग विझते, चहाडखोर नसला की तंटा थांबतो, हे नीतिसूत्रे 26:20 ऐकणाऱ्यालाही लागू आहे. पाळक (पास्टर) आणि वडील (मंडळीतले ज्येष्ठ पुढारी) यांनी हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली, तर निम्मी गाऱ्हाणी दारातूनच परत जातील असे आम्हाला वाटते.

या शिकवणीचा दुरुपयोगही होतो, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट लिहितो. मंडळीच्या पैशांचा हिशेब मागणे हे वैयक्तिक भांडण नव्हे. यरुशलेमेसाठी वर्गणी नेताना कोणी बोट ठेवू नये म्हणून पौलाने मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला होता (2 करिंथकरांस 8:18-21). सार्वजनिक न्यास म्हणून नोंद असलेल्या मंडळीला तर 1950च्या कायद्याने हिशेब ठेवून तपासून घ्यावेच लागतात. सभेत, लेखी, सभ्य शब्दांत विचारणाऱ्याला ‘फूट पाडणारा’ म्हणणे चूक आहे.

दुसरी गोष्ट, मारहाण आणि लैंगिक अत्याचार. पीडितेने अत्याचार करणाऱ्याला ‘एकांतात भेटून’ समजवावे, असा सल्ला मत्तय 18च्या नावाने कोणी देऊ नये. त्याच अध्यायात, काही वचने आधी, लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची गोष्ट आहे. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजल्यावर पोलिसांना न कळवणे हा 2012च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्यातून पाळकांना किंवा वडिलांना सूट नाही. चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक 1098, पोलिसांचा 112. हे दोन्ही क्रमांक मंडळीच्या सूचनाफलकावर लावावेत आणि रविवारच्या सूचनांत वाचून दाखवावेत.

आपले,
मंडळीत बायबल शिकवणारे काही वाचक, अहिल्यानगर