आधी तुझी तपासणी

पुणे,
रविवार, रात्री

प्रिय दत्ता,

परवा फोनवर म्हणालास, "मूल होत नाही म्हणून हिच्या गर्भनळ्यांचा एक्स-रे पुन्हा काढायला सांगितलाय." मी विचारलं, तुझी तपासणी झाली का? तू म्हणालास, "मला काय झालंय मर्दा? मी ठणठणीत आहे." मागं वहिनींचा आवाज येत होता, म्हणून मी विषय सोडला. पण दोन रात्री झोप नाही, म्हणून लिहितोय.

मीही तीन वर्षं हेच म्हणत होतो. तीन वर्षं बायकोच्या सोनोग्राफ्या, गोळ्या, इंजेक्शनं. ज्या डॉक्टरांकडे जायचो त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मी मुकाट बसलो. याची मला आजही लाज वाटते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण सापडतं, हे मला पुढं दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं, तेच तुला सांगतो. वृषणात दोन खाती असतात. केसासारख्या बारीक नळ्यांच्या गुंत्यात शुक्रजंतू तयार होतात. नळ्यांच्या मधल्या जागेतल्या पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात. दाढी, आवाज, दंड, इच्छा हे सगळं त्या दुसऱ्या खात्याचं. ते जोरात चालू असताना पहिलं बंद पडलेलं असू शकतं, आणि माणसाला पत्ताही लागत नाही. म्हणून 'ठणठणीत' म्हणण्याला इथं काही अर्थ नाही रे. आणि जिममधला तो पोरगा ताकदीचं इंजेक्शन घे म्हणतो ना, ते अजिबात घेऊ नकोस. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी वृषणाला निरोप धाडायचं थांबवते. शुक्रजंतू पार शून्यावर येऊ शकतात.

आता तुझ्या फाउंड्रीच्या भाषेत. एक शुक्रजंतू घडायला सुमारे 74 दिवस लागतात. पण तो नळीतून निघतो तेव्हा त्याला धड पोहताही येत नाही. फिनिशिंग व्हायचं असतं. ते वृषणाच्या मागच्या बाजूला चिकटलेल्या अधिवृषणात होतं. ती एकच वेटोळी नळी, उलगडली तर 6 मीटर भरेल! त्यात आठ-पंधरा दिवस जातात, मग पुढं शुक्रवाहिनी. म्हणजे आजच्या वीर्याच्या रिपोर्टमध्ये दिसतो तो तीन महिन्यांपूर्वीच्या हीटचा, म्हणजे त्या घाण्याचा, माल. मध्ये जोराचा ताप येऊन गेला असेल तरी शुक्रजंतूंचा काउंट पडतो, म्हणून एका रिपोर्टवर खचायचं नाही, काही आठवड्यांनी दुसरा काढायचा. तंबाखूचा मावा आज सोडलास तर फरकही तीन महिन्यांनीच कळेल. पण सोड.

पंचगंगेत थंडीत उडी मारली की वृषणांची पिशवी आक्रसून वर यायची आणि आपण पोरं हसायचो, आठवतं? शुक्रजंतू घडायला अंगापेक्षा 2 ते 3 अंश कमी तापमान लागतं. म्हणूनच ती पिशवी अंगाबाहेर, थंडीत वर ओढली जाणारी, उन्हाळ्यात सैल पडणारी. आणि तू आठ-आठ तास भट्टीसमोर उभा! डॉक्टरांना हे काम नक्की सांग.

तालमीत वस्ताद सांगायचे, रक्ताच्या चाळीस थेंबांचा वीर्याचा एक थेंब. ते खरं नाही. वीर्यातला सुमारे दोन तृतीयांश द्रव वीर्याशयांतून येतो, उरलेला बराचसा प्रोस्टेट ग्रंथीतून. शुक्रजंतूंचा वाटा अगदी थोडा. त्यामुळे दाट की पातळ यावरून काही ठरत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीच बघावं लागतं.

माझा तो दिवस सांगतो. घरून नमुना घेतला, तासाभरात लॅबला पोचवायचा होता, आणि गार होऊ द्यायचा नव्हता. रिक्षात डबी शर्टाच्या आत, बनियनला लावून धरली होती. झाकण घट्ट आहे ना, हे चारदा चाचपलं. रिपोर्ट आला, एका मिलिलिटरला 60 लाख. किमान 1 कोटी 60 लाख तरी असावेत. डॉक्टरांनी उभं करून, पोटाला जोर द्यायला सांगून तपासलं, तर डाव्या बाजूला फुगलेल्या नसांचा शेवयांसारखा गुंता. व्हेरिकोसील. डावीकडची नस काटकोनात मूत्रपिंडाच्या नसेला मिळते, म्हणून रक्त तिकडं जास्त तुंबतं आणि पिशवी गरम राहते. ऑपरेशन झालं, संध्याकाळी घरी. सहा महिन्यांनी 2 कोटी 30 लाख. पुढच्या वर्षी चिऊ. सगळ्यांनाच असा गुण येतो असं नाही, आणि तुझं कारण वेगळं असेल किंवा नसेलही. पण या तपासणीत ना सुई ना भूल. वहिनींनी मात्र तो एक्स-रे दात-ओठ आवळून सोसलाय, आणि आता पुन्हा सोसायचा?

शनिवारी रात्री मी कोल्हापुरात येतोय. सोमवारची रजाही टाकलीय. नमुन्याआधी किमान दोन दिवस, फार तर सात दिवस वीर्य बाहेर पडलेलं नसावं लागतं, तेवढं सांभाळ. सोमवारी सकाळी लॅब उघडायच्या वेळी मी दारात असेन, गाडी मी चालवतो, तू डबी धर. तोवर एक्स-रेची तारीख पुढं ढकल. का ढकललीस, ते वहिनींना तूच सांग.

तुझा,
सुऱ्या